इंजिनाची परीक्षा आकाशातच

धुळ्याहून मुंबई-आग्रा महामार्गाने नाशिककडे निघाले, की शहर येण्यापूर्वी वीसेक किलोमीटरवर ओझर लागते. हिंदुस्थान एअरोनॉटिक्सच्या येथील कारखान्यात बांधलेल्या 'तेजस मार्क १ए' या लढाऊ विमानाने १७ ऑक्टोबर २०२५ रोजी पहिली भरारी घेतली. वर्षाला आठ तेजस बांधू शकणाऱ्या नव्या उत्पादन साखळीचे उद्घाटनही त्याच दिवशी झाले. १९६४मध्ये मिग-२१साठी उभारलेल्या आणि पुढे सुखोई-३० बांधणाऱ्या या कारखान्याला नवे काम मिळाले, याचे समाधान नोकरीसाठी नाशिकची वाट धरणाऱ्या खानदेशातील तरुणांनाही वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या देशी विमानातील इंजिन अमेरिकी आहे. २०२१मध्ये मागणी नोंदविलेल्या ९९ इंजिनांपैकी पहिले मार्च २०२५मध्ये भारताला मिळाले. तोवर विमानांचे सांगाडे तयार आणि इंजिनाची प्रतीक्षा, अशी अवस्था होती.

नेमक्या याच अवस्थेतून चीन गेला आहे. त्याच्या जे-१० या एक इंजिनी लढाऊ विमानासाठी 'डब्ल्यूएस-१०' हे देशी इंजिन तयार व्हावयाचे होते. १९८०च्या दशकात सुरू झालेले हे काम वेळेत पूर्ण झाले नाही आणि जे-१० रशियाच्या एएल-३१ मालिकेतील इंजिनावर सेवेत दाखल झाले. चिनी अभियंत्यांनी मग दुसरी वाट धरली. २००२च्या सुमारास रशियन बनावटीच्या सुखोई-२७ विमानाच्या एका बाजूला रशियन आणि दुसऱ्या बाजूला चिनी इंजिन बसवून उड्डाणे करण्यात आली. चिनी इंजिन हवेत बंद पडलेच, तर वैमानिक रशियन इंजिनाच्या भरवशावर धावपट्टीवर परतू शकेल, असा त्यामागचा साधा हिशेब होता.

यानंतरही यश लगेच आले नाही. दोन इंजिनी जे-११बी विमानांवर बसविलेली सुरुवातीची इंजिने टिकेनात. रशियन इंजिन चारशे तास चालते, तेथे चिनी इंजिन तीस तासांतच दुरुस्तीला काढावे लागते, अशी वृत्ते त्या काळात प्रसिद्ध होत. काही विमाने पुन्हा रशियन इंजिनांवर उडवावी लागली. पण चीनने देशी इंजिन बासनात गुंडाळले नाही. नादुरुस्त होणाऱ्या प्रत्येक इंजिनातून पुढच्या इंजिनाची दुरुस्ती निघत गेली. दोन इंजिनी विमानांवर भरवसा बसल्यानंतरच, म्हणजे २०१९च्या सुमारास, एक इंजिनी जे-१०सी विमानांमध्ये ते नियमितपणे बसू लागले. पाकिस्तानने मार्च २०२२मध्ये ताफ्यात घेतलेल्या जे-१०सीई विमानांतही हेच चिनी इंजिन आहे. वैमानिकांचा धोका आणि पैशाचा अपव्यय यांचा हिशेब चीनने कधी उघड केला नाही, हेही येथे नोंदवले पाहिजे.

चाचणीखेरीज मालाला किंमत नसते, हे जळगाव जिल्ह्यातील वरणगावच्या आयुध निर्माणीला ठाऊक आहे. तेथे बनणाऱ्या काडतुसांच्या प्रत्येक खेपेतील नमुने प्रत्यक्ष झाडून पाहिले जातात, मगच ती खेप लष्कराकडे जाते. काडतुसाची परीक्षा क्षणात संपते. जेट इंजिनाची शेकडो तास चालते. टर्बाइनच्या पात्यांना धातू वितळण्याच्या तापमानाहून अधिक तप्त वायूत, अतोनात वेगाने फिरावे लागते. जमिनीवरच्या चाचणीमंचावर इंजिन सुरळीत चालले, तरी बारा किलोमीटर उंचीवरील विरळ हवेत आणि विमान एकाएकी वळत असताना ते कसे वागेल, हे मंच सांगू शकत नाही.

भारताच्या 'कावेरी'चे घोडे येथेच अडले. बंगळुरूच्या गॅस टर्बाइन संशोधन संस्थेकडे १९८९मध्ये सोपविलेल्या या प्रकल्पाचा मूळ खर्च ३८२.८१ कोटी रुपये होता. तो २,८३९ कोटींवर गेल्याचे महालेखापरीक्षकांनी २०११च्या अहवालात दाखवून दिले. १,१०० किलोऐवजी वजन १,२३५ किलो भरले, जोरही अपेक्षेपेक्षा कमी पडला. २००८मध्ये कावेरी आणि तेजस यांची फारकत झाली. या अपयशावर पुष्कळ लिहिले गेले. परंतु कावेरी ज्या तेजससाठी होते, ते स्वतःच नवे आणि एक इंजिनी होते; अपुऱ्या सिद्धतेचे इंजिन त्यात बसविण्याचे धाडस कोणीही केले नसते, या मुद्द्याकडे त्या मानाने दुर्लक्ष झाले. पुढे नोव्हेंबर २०१०मध्ये मॉस्कोजवळ इल्युशिन-७६ या रशियन मालवाहू विमानाला लावून कावेरी प्रथम आकाशात गेले. मालवाहू विमानाखाली उडणे आणि लढाऊ विमानाला उडविणे, यांत मोठे अंतर आहे.

मग भारताकडे सोयीचे विमान नव्हतेच का? ओझरच्या सुखोईचे इंजिन १२३ किलोन्यूटन जोराचे. तेथे ८१ किलोन्यूटनचे उद्दिष्ट ठेवलेल्या कावेरीचा पाड लागणारा नव्हता. मिग-२९ मात्र दोन इंजिनी आहे आणि त्याच्या प्रत्येक इंजिनाचा जोर कावेरीच्या उद्दिष्टाइतकाच आहे. हवाई दलाच्या ओझर येथील दुरुस्ती आगारातच या विमानांची मोठी दुरुस्ती होते. इंजिनाचा आकार, जोडण्या आणि नियंत्रण यांच्या अडचणी आल्या असत्या, यात शंका नाही. तरीही एखादे मिग-२९ त्यासाठी कायमचे राखून ठेवले असते, तर कावेरीचे दोष निदान लढाऊ विमानाच्या कठोर वापरात उघडे पडले असते. स्क्वाड्रनची संख्या घटत असताना हवाई दल विमान देण्यास नाखूष असणे समजण्यासारखे आहे. धोकाही काल्पनिक नाही. जून २०१८ आणि जून २०२४ अशी दोनदा सुखोई विमाने निफाड तालुक्यात कोसळली. चारही वैमानिक सुदैवाने बचावले.

आज आफ्टरबर्नरविरहित कावेरी मानवरहित लढाऊ विमानासाठी तयार केले जात आहे. त्याचे काही भाग मुंबईत विक्रोळीला गोदरेजकडे बनविण्यास दिले गेले. पुढच्या पाचव्या पिढीच्या 'आम्का' विमानासाठी फ्रान्सच्या साफ्रानसोबत १२० किलोन्यूटनहून अधिक जोराचे इंजिन विकसित करण्याचा मनोदय संरक्षणमंत्री राजनाथसिंह यांनी ऑगस्ट २०२५मध्ये जाहीर केला. आम्का दोन इंजिनी आहे आणि त्याचे पहिले नमुने अमेरिकेच्या एफ-४१४ इंजिनांवर उडविण्याचे ठरले आहे. म्हणजे चीनने सुखोई-२७वर केलेल्या प्रयोगासारखी संधी भारतालाही मिळू शकते. त्यासाठी कोणते विमान, कोणत्या वर्षी आणि किती काळ राखून ठेवायचे, हे इंजिनाच्या आराखड्याबरोबरच आणि हवाई दलाच्या लेखी संमतीने ठरले पाहिजे.