पोस्टिंग म्हणजे वेठ नव्हे!

आटगाव, शहापूर, मुरबाड या पट्ट्यातील बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांतून मुली नर्सिंगला जात आहेत. याचे स्वागतच. पण क्लिनिकल पोस्टिंगच्या नावाखाली वॉर्डात त्यांच्याकडून जे करून घेतले जाते ते शिक्षण आहे की वेठ, हा प्रश्न आपण चळवळ म्हणून विचारणार की नाही?

आधी इतिहास पाहू. बाळंतपण, नाळ, रक्त, मळ ही ‘विटाळाची’ कामे जातिव्यवस्थेने अनेक ठिकाणी अस्पृश्य स्त्रियांच्या माथी मारली. सुईणीच्या हातात कसब होते, पण मान नव्हता, पगार नव्हता, शिक्षण नव्हते. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात महार वतनाविषयीचे विधेयक मांडले, ते अशाच पिढीजात राबणुकीविरुद्ध. नर्सिंगमध्येही तेच रक्त आणि तोच मळ आहे. फरक इतकाच की इथे कामामागे शास्त्र आहे, कौन्सिलची नोंदणी आहे, पगाराचा हक्क आहे. हा फरक पुसला गेला, तर पांढऱ्या गणवेशातली वेठच उरते.

काही जण म्हणतील, शिकायचे तर पडेल ते काम करावे लागते. मान्य. रुग्णाला बेडपॅन देणे, अंग पुसणे हा नर्सिंगचाच भाग आहे आणि कुठलेही काम हलके नाही. पण एका मुलीला इंजेक्शन, ड्रेसिंग, केस प्रेझेंटेशन आणि दुसरीला महिनाभर नुसती साफसफाई, अशी वाटणी आडनाव बघून होत असेल तर ती जातच आहे. तिथे ‘सेवाभाव’ शिकवू नये. सावित्रीमाईंनी १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णसेवा करताना प्राण दिला. ती सेवा त्यांनी स्वतःच्या निर्णयाने केली होती, कुणी लादलेली नव्हती.

म्हणून विद्यार्थिनींनी पहिल्या दिवसापासून लॉगबुक स्वतः भरावे. कोणत्या वॉर्डात किती दिवस, कोणती प्रक्रिया नुसती पाहिली, कोणती स्वतः केली, याची तारखेसह नोंद ठेवावी. ट्युटर वॉर्डात येतात का, हेही लिहावे. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या निकषांत एका विद्यार्थिनीमागे तीन रुग्ण असे प्रमाण आहे. तक्रार करताना तोंडी रडगाणे चालत नाही, कागद बोलतो.

आता करिअरचे. आपल्याकडे बारावीनंतर ‘कुठले तरी नर्सिंग’ केले जाते. एएनएम दोन वर्षांचे, जीएनएम तीन वर्षांचे, बी.एससी. नर्सिंग चार वर्षांचे. बी.एससी.ला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी लागते, म्हणजे निर्णय दहावीनंतरच घ्यावा लागतो. एएनएम करून उपकेंद्रात आरोग्यसेविका होता येते, पण तिथेच थांबायचे कारण नाही. जीएनएमनंतर दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एससी. करता येते, पुढे एम.एससी. करून शिकवताही येते. २०२० पासून एम्सच्या भरतीसाठी नॉरसेट परीक्षा होते. आयुष्मान आरोग्य मंदिरातील (पूर्वीचे आरोग्यवर्धिनी केंद्र) समुदाय आरोग्य अधिकारी हाही मार्ग आहे. आणि प्रवेशाआधी संस्थेची मान्यता तपासा. मान्यता नसलेल्या कोर्सवर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी मिळत नाही. फी आणि वर्षे दोन्ही वाया जातात.

खासगी दवाखान्यातली पहिली नोकरी सही करण्याआधी बाँड वाचा आणि मूळ प्रमाणपत्रे कुणाकडे ठेवू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या केंद्राच्या समितीने ५० पेक्षा कमी खाटांच्या खासगी रुग्णालयातही परिचारिकेला किमान २०,००० रुपये पगार असावा, अशी शिफारस केली. ही शिफारस आहे, आपोआप हातात पडणारा पगार नाही. तो मिळवायला संघटना लागते.

चळवळीतल्या तरुणांनो, जयंतीच्या बॅनरवर जेवढी चर्चा होते, तिच्या निम्मी तरी या मुलींच्या शिष्यवृत्तीच्या अर्जावर, जात पडताळणीवर, वसतिगृहाच्या प्रवेशावर होऊ द्या. नाइट ड्युटी संपवून कसारा लोकलने आटगावला उतरणाऱ्या मुलीच्या सुरक्षित वाटेवरही होऊ द्या. विहारात महिन्यातून एक रविवार यासाठी ठेवा. पास झालेल्या सिस्टरने मागून येणाऱ्या दोघींना मार्ग दाखवावा. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ हे वॉर्डातही लागू आहे.

जय भीम!