पाना-पक्कड घरातल्या प्रत्येकाच्या हाती

मिशिगनमध्ये घर घेतलेल्या मराठी माणसाला कर्जाचा व्याजदर, शाळेचा दर्जा, तळघराचं क्षेत्रफळ सगळं तोंडपाठ असतं. पण घरात शिरणारं पाणी बंद करायचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे असं विचारलं, तर बहुतेक घरांत एकच माणूस उत्तर देऊ शकतो. पुष्कळ घरांत तोही नसतो. वॉशिंग मशीनमागचा रबरी पाइप फुटला तर मिनिटाला वीस-पंचवीस लिटर पाणी सहज वाहतं. प्लंबर लवकर आला तरी दोन तास लागतात. तेवढ्या वेळात तळघरातला गालिचा, भिंतीचं ड्रायवॉल आणि खोक्यांत जपून ठेवलेले अल्बम, सगळं जातं. व्हॉल्व्ह माहीत असेल तर हेच संकट अर्ध्या मिनिटात आटोक्यात येतं.

म्हणून मी हे आग्रहाने लिहितो आहे. घराच्या आणि गाडीच्या प्राथमिक दुरुस्त्या घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला यायला हव्यात. नवरा-बायको दोघांना, हायस्कुलात गेलेल्या मुलामुलींना, आणि सहा महिन्यांसाठी राहायला आलेल्या आई-बाबांनाही त्यातला त्यांच्यापुरता भाग. पैसे वाचतात हे खरं, पण ते माझं मुख्य कारण नाही. ज्या छपराखाली आपण पोरंबाळं घेऊन राहतो ते छप्पर, ते पाणी, ती वीज कशी चालते हे आपल्याला कळत नसेल, तर त्या घरात आपण पाहुण्यासारखे राहतो.

आपल्याला हे का येत नाही, याची कारणं आपल्या मागच्या आयुष्यात आहेत आणि ती स्पष्ट बोलायला हवीत. आपण ज्या घरांतून आलो तिथे अभ्यास करणारी मुलं आणि हातांनी काम करणारी मुलं लहानपणीच वेगळी काढली जात. गावगाड्यात सुतार, लोहार, चांभार, कुंभार यांच्या हातात सगळं कौशल्य होतं, पण मान दुसऱ्यांच्या वाट्याला होता. शहरात त्या विभागणीचं रूप बदललं, ती पुसली गेली नाही. कोपऱ्यावर पंक्चरवाला होता, चाळीत एक ओळखीचा वायरमन होता, निरोप गेला की तासाभरात माणूस दारात यायचा आणि थोडक्या पैशांत काम करून जायचा. त्याच्या शेजारी उभं राहून तो काय करतो ते बघावं, असं आपल्याला कुणी सांगितलं नाही. उलट ‘तू अभ्यास कर’ असंच सांगितलं.

पण आपल्याकडे दुसरी परंपराही आहे, आणि तिचा मला फार अभिमान वाटतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवत होते. त्यांनी बेळगावला १८८८ मध्ये सायकलींचं दुकान काढलं आणि सायकली विकता-दुरुस्त करता पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, १९८३ मध्ये, डॉ. श्रीनाथ कलबाग हे शास्त्रज्ञ हिंदुस्तान लिव्हरमधलं संशोधन सोडून पुणे जिल्ह्यातल्या पाबळला गेले आणि तिथे त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. शाळेच्या बाकावर न रमलेली मुलं तिथे वेल्डिंग, सुतारकाम, वायरिंग, शेती आणि पशुपालन प्रत्यक्ष करत शिकतात. हात चालायला लागला की डोकंही चालायला लागतं, हा त्या प्रयोगाचा गाभा आहे. पाबळच्या खेड्यातल्या पंधरा वर्षांच्या मुलीला जे जमतं, ते आपल्या एम.एस. झालेल्या घरांत का जमू नये?

मिशिगनचा हिवाळा तर या प्रश्नाला सवलतच देत नाही. नव्या, जास्त कार्यक्षम फर्नेसचा धूर चिमणीतून न जाता बाजूच्या भिंतीतून बाहेर काढलेल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपमधून जातो. हिमवादळात तो पाइप बर्फाखाली गाडला गेला की आतला प्रेशर स्विच फर्नेस बंद करतो. बाहेर उणे पंधरा, घरात लहान मूल, आणि दुरुस्तीवाल्याच्या यादीत आपला नंबर शेवटी. अशा वेळी बाहेर जाऊन त्या पाइपभोवतीचा बर्फ फावड्याने बाजूला करायचा, एवढंच काम अनेकदा असतं. दुसरं कारण त्याहून साधं असतं. महिनोन् महिने न बदललेला फिल्टर तुंबतो, हवा पुढे सरकत नाही, फर्नेस जास्त तापतो आणि सुरक्षेसाठी स्वतःहून बंद पडतो. फिल्टरच्या चौकटीवर त्याचं माप छापलेलं असतं आणि हवेची दिशा दाखवणारा बाण असतो. बाण फर्नेसच्या दिशेला ठेवून तो बसवायचा. हे काम दहा वर्षांचं मूल करू शकतं आणि त्याने ते करावं.

बागेची नळी थंडीआधी नळावरून काढून ठेवणं हेही तसंच. न गोठणारा म्हणून बसवलेला नळसुद्धा नळी लावलेली राहिली तर आत पाणी अडकून भिंतीतल्या भिंतीत फुटतो, आणि ते कळतं वसंतात, पहिल्यांदा नळ सोडल्यावर. जून २०२१ मध्ये डेट्रॉइट परिसरात आलेला पूर ज्यांनी अनुभवला, त्यांना तळघरात साचणारं पाणी बाहेर फेकणाऱ्या संप पंपाची किंमत सांगायला नको. वीज गेली की तो पंप बंद, आणि वीज नेमकी पावसातच जाते. बॅटरीवरचा जोडपंप आहे का, संपच्या खड्ड्यात बादलीभर पाणी ओतल्यावर पंप आपोआप सुरू होतो का, हे वर्षातून दोनदा तपासायला कोणताही परवाना लागत नाही. फेब्रुवारी २०२३ च्या बर्फाळ पावसात लाखो घरांची वीज गेली तेव्हा अनेकांनी जनरेटर आणले. जनरेटर गॅरेजमध्ये चालवायचा नाही, दार उघडं ठेवूनही नाही. तो घरापासून किमान वीस फूट लांब हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि तो माणसाला झोपेतच मारतो.

विजेबद्दल एक गोष्ट भारतातून आलेल्या प्रत्येकाने इथे नव्याने शिकायला हवी, आणि ती जिवाशी संबंधित आहे. भारतातल्या वायरिंगमध्ये काळी तार न्यूट्रल असते. लाल, पिवळी किंवा निळी तार फेजची. अमेरिकेत काळी तार जिवंत असते, न्यूट्रल पांढरी, आणि अर्थिंग हिरवी किंवा उघड्या तांब्याची. पुण्यात किंवा नागपुरात लहानपणी होल्डर बदलायला शिकलेला हात इथे त्याच सवयीने काळ्या तारेला निर्धास्त लागला तर घात होईल. त्यातही जुन्या घरांत स्विचकडे गेलेली पांढरी तार जिवंत असू शकते. म्हणून रंगावर विश्वास ठेवायचाच नाही. आधी ब्रेकर पाडायचा, मग टेस्टर चालणाऱ्या सॉकेटवर तपासून घ्यायचा, आणि मगच कामाच्या तारेजवळ न्यायचा. इथे २३० ऐवजी १२० व्होल्ट असतात म्हणून निष्काळजी राहणाऱ्यांना माझं सांगणं आहे: १२० व्होल्टनेही माणसं मरतात.

आता पाणी. रात्री शांततेत कमोडच्या टाकीत अधूनमधून पाणी भरल्याचा आवाज येत असेल, तर तळाची रबरी झडप झिजली आहे. टाकीत खाण्याच्या रंगाचे चार थेंब टाकावेत आणि दहा मिनिटं फ्लश करू नये. भांड्यात रंग उतरला तर झडप गळते आहे. अशी एक टाकी दिवसाला सातशे लिटरपर्यंत पाणी वाया घालवू शकते. झडप दहा डॉलरच्या आसपास मिळते आणि बदलायला पाना लागत नाही, नुसते हात पुरतात. पाण्यासाठी टँकरची वाट पाहणारी गावं आपल्यापैकी कितीतरी जणांनी पाहिली आहेत. त्यांनी तरी ही गळती उद्यावर टाकू नये.

गाडीबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण आपल्या मराठी मंडळात मोटारीच्या धंद्यात काम करणारे इंजिनिअर भरपूर आहेत आणि तरीही आपल्या गाड्या आपल्याला परक्या आहेत. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या गेलेल्या प्रत्येक पेट्रोल मोटारीत स्टिअरिंगखाली एक ठरावीक आकाराचं सॉकेट असतं. त्यात वीस-तीस डॉलरचं वाचक-यंत्र लावलं की ‘चेक इंजिन’चा दिवा का लागला त्याचा कोड दिसतो. तो कोड म्हणजे रोगाचं लक्षण, निदान नव्हे. पेट्रोलच्या टाकीचं झाकण सैल राहिलं तरी दिवा लागतो. पी ०४२० हा कोड आला की कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बदलायचा हजार-दोन हजारांचा खर्च पुढे येतो, पण सायलेन्सरच्या नळीतली गळती किंवा बिघडलेला ऑक्सिजन सेन्सरही तोच कोड देऊ शकतो. गॅरेजमध्ये जाऊन ‘कोड हा आहे, एक्झॉस्टची गळती तपासली का?’ असं विचारणाऱ्या ग्राहकाशी बोलणं वेगळ्या पातळीवर होतं. एका गॅरेजने माझ्या ओळखीतल्या विद्यार्थिनीला एअर फिल्टर बदलायचे शंभर डॉलर सांगितले होते. तिने तिथेच फोनवर पाहून ग्लव्ह बॉक्समागचा केबिन फिल्टर आणि बॉनेटखालचा इंजिनाचा फिल्टर कसा निघतो ते शोधलं, आणि दोन्ही पार्किंगमध्ये बदलले. त्या दिवसापासून ती त्या गाडीची खरी मालकीण झाली.

बॅटरी उतरली तर केबल लावायचा क्रम पाठच असायला हवा. लाल आधी उतरलेल्या बॅटरीच्या अधिक टोकाला, मग चांगल्या बॅटरीच्या अधिक टोकाला. काळी चांगल्या बॅटरीच्या उणे टोकाला, आणि तिचं दुसरं टोक बंद गाडीच्या इंजिनाजवळच्या, रंग नसलेल्या धातूला. शेवटची जोडणी बॅटरीपासून लांब करायची, कारण तिथे ठिणगी पडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. चाक बदलताना नट गाडी जॅकवर उचलण्याआधीच सैल करायचे, आणि फक्त जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरायचं नाही. डिकीतलं छोटं स्टेपनी चाक ताशी पन्नास मैलांपर्यंतच चालवायचं असतं. त्यात हवा आहे का, हे पंक्चर होण्याआधी पाहावं.

‘माझा एक तास प्लंबरच्या तासापेक्षा महाग आहे’ हा युक्तिवाद मी अनेकदा ऐकतो, आणि तो मला पटत नाही. प्लंबर ‘आठ ते बाराच्या मध्ये’ येणार म्हणून सुट्टी घेऊन घरी बसलेल्या माणसाचे चार तास त्या हिशेबात धरलेले नसतात. आणि शनिवारची सकाळ मुलीबरोबर सिंकखालचा पाइप सोडवण्यात गेली, तर तिची किंमत तासाच्या दराने करायचीच कशाला? वॉरंटी जाईल ही दुसरी भीतीही अनाठायी आहे. १९७५ च्या संघराज्य कायद्यानुसार, तुम्ही स्वतः तेल बदललं एवढ्याच कारणावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. पावत्या आणि तारखा मात्र नीट जपाव्यात.

मर्यादा मात्र काटेकोर पाळायला हव्यात. गॅसची लाइन, गॅरेजच्या दाराची ताणलेली स्प्रिंग, ब्रेकर पॅनलचा आतला भाग, एअरबॅग, इलेक्ट्रिक गाडीतल्या केशरी केबल, यांना हात लावायचा नाही. १९७८ आधीच्या घरातला जुना रंग घासायचा नाही, त्यात शिसं असू शकतं. इथल्या इलेक्ट्रिशियनला परवान्याच्या परीक्षेला बसण्याआधी ८,००० तास उमेदवारी करावी लागते, आणि ती उगाच नसते. ज्याने स्वतः एकदा नळाचा वायसर बदलला आहे, त्याला त्या ८,००० तासांचं मोल कळतं. तो घरी आलेल्या कारागिराशी घासाघीस करत नाही, त्याला खुर्ची देतो, आणि भारतात गेल्यावर वायरमनशी बोलतानाही त्याचा स्वर बदलतो. आपल्या समाजाला याची फार गरज आहे.

सगळ्यात जास्त काळजी मला दुपारी घरी एकट्या असणाऱ्या आई-बाबांची वाटते. गॅसचा वास आला तर दिवा लावायचा नाही आणि बंदही करायचा नाही, घरातून फोन करायचा नाही, आहे त्या कपड्यांत बाहेर पडून शेजारून ९११ ला फोन करायचा, हे त्यांना कुणीतरी मराठीत, शांतपणे, दोनदा सांगितलं पाहिजे. आणि जी घरं अचानक एका माणसावाचून उभी राहिली, तिथे मागे राहिलेल्या काकूंना ब्रेकर कुठला, फिल्टर कुठला हे पहिल्या हिवाळ्यातच शोधावं लागलं. हे ज्ञान एकाच डोक्यात ठेवणं हा घरातल्यांवर अन्याय आहे.

हत्यारं विकत घ्यायलाच हवीत असं नाही. कॅलिफोर्नियातलं बर्कलीचं ग्रंथालय १९७९ पासून ती उसनी देतं, आपल्या जवळचं ॲन आर्बरचं ग्रंथालयही देतं, आणि सुट्या भागांची मोठी दुकानं अनामत घेऊन गाडीची महागडी हत्यारं वापरायला देतात. आपल्या मंडळाकडे नाटकाच्या नेपथ्याचं सामान ठेवायला जागा आहे. तिथेच एक कपाट हत्यारांना देता येईल.

कार्यकारिणीला माझी विनंती आहे की थंडी पडण्याआधी, ऑक्टोबरमध्ये एक शनिवार यासाठी राखून ठेवावा. सकाळी पाणी, वीज आणि फर्नेस. दुपारी पार्किंगमध्ये चाक, बॅटरी आणि कोड. कार्यक्रम मराठीत व्हावा, म्हणजे आजी-आजोबांनाही शंका विचारता येतील. मंडळातल्या ज्यांना ही कामं येतात त्यांनी माझ्याबरोबर शिकवायला यावं. प्रत्येक घरातून किमान दोन माणसं यावीत, आणि त्यांतली एक बाई किंवा मुलगी असावीच.