अडवणाऱ्याची कारकीर्द

नांदेडला खालसा हायस्कूलच्या मैदानावर श्री गुरु गोबिंदसिंघजी सुवर्ण व रौप्य चषकाचे हॉकी सामने भरले, की उमरीहून मुदखेडमार्गे गाडीने जाऊन ते दिवसभर पाहावयाचे, हा माझा अनेक वर्षांचा शिरस्ता आहे. आणि या वर्षांत माझी बैठक मैदानाच्या मध्यरेषेजवळून सरकत सरकत गोलाच्या मागच्या बाजूस येऊन स्थिरावली आहे. पेनल्टी कॉर्नर पाहावा तर तेथूनच. गोलरेषेमागे गोलरक्षकासह पाच जण वाकून उभे असतात. त्यांतल्या एकाचा पाय सर्वांआधी सुटावयास आतुर झालेला असतो. आणि चेंडू आत ढकलला गेला रे गेला, की जिकडून फटका येणार तिकडेच, म्हणजे प्राणिमात्राची सहजबुद्धी जेथून पळ काढावयास सांगते नेमक्या त्याच ठिकाणी, तो सरळ धावत सुटतो. एका सामन्यात अशाच एका कोवळ्या बॅकच्या नडगीवर चेंडू बसला. तो खाली टेकला, मोजा सरकवून त्याने नडगी दोन्ही हातांनी चोळली आणि पुन्हा रेषेमागे जाऊन उभा राहिला, कारण चेंडू पायाला लागल्यामुळे पंचांनी दुसरा कॉर्नर दिला होता. तोही त्याने अडवला. सामना त्याच्या संघाने एका गोलाने जिंकला, आणि दुसऱ्या दिवशीच्या बातमीत तो गोल करणाऱ्याचे नाव होते.

यात कोणाचा दुष्टावा आहे असे मी मानत नाही. झालेला गोल ही घटना आहे, तिला वेळ आहे, साक्षीदार आहेत. न झालेल्या गोलाला यांतले काहीच नाही, आणि ज्याची नोंद करण्यास दप्तरात रकानाच आखलेला नाही ते दप्तरात यावे कोठून? परंतु रकाना नसणे ही दैवगती नव्हे. तो आखता येतो, हे माझे म्हणणे आहे.

या संदर्भात मला पेटर स्वोबोदा या चेक बर्फहॉकीपटूची कारकीर्द वारंवार आठवते. १९६६ साली मोस्ट या गावी जन्मलेला हा बचावपटू, जवळच्याच लित्वीनोव्हच्या क्लबात तयार झाला. १९८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, पश्चिम जर्मनीत सामन्यांसाठी गेला असता कम्युनिस्ट राजवटीतील मायदेशी परतण्याचे नाकारून तो कॅनडात माँट्रियलला दाखल झाला, आणि दोनच वर्षांत स्टॅन्ली चषक जिंकणाऱ्या संघात होता. अमेरिका-कॅनडाच्या त्या बलाढ्य लीगमध्ये तो सतरा हंगाम खेळला. १०२८ सामने आणि गोल केवळ ५८. डोक्याला बसलेल्या आघातांनी अखेर त्याचा खेळ थांबविला. मात्र त्याच्या देशात आज तो स्मरणात आहे तो २२ फेब्रुवारी १९९८ च्या एका फटक्यामुळे: जपानमधील नागानो येथे ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात चेक संघाने रशियाला १-० ने नमविले, आणि तो एकुलता एक गोल या बचावपटूचा होता. त्या यशाचा मला आनंदच आहे. पण हजारावर सामने ज्याने दुसऱ्याचे फटके अंगावर झेलले, त्याला कीर्ती मिळावी ती त्याने क्षणभर आघाडीवीराचे काम केले म्हणून, हा हिशेब मनाला खुपतो.

त्या लीगचे श्रेय इतके की तिने रकाना आखण्याचा प्रयत्न तरी केला. उत्कृष्ट बचावपटूसाठी तेथे १९५४ पासून नॉरिस पारितोषिक दिले जाते. गोल होताना बर्फावर कोण कोण होते हे पाहून प्रत्येकाच्या नावे अधिक-उणे मांडण्याचीही रीत आहे. पण एवढ्या दूर जावयाचे कारणच नाही. आपल्या खो-खोने ही विद्या फार पूर्वी सिद्ध केली आहे! सामन्याची बातमी उघडून पाहा: अमुक खेळाडूने किती गडी बाद केले हे जसे छापलेले असते, तसेच तमुकाने दोन मिनिटे दहा सेकंद पळती केली हेही छापलेले असते. तिघांची तुकडी आत उतरते, खांबाला वळसे पडतात, हुलकावण्या चालतात, आणि न सापडण्याच्या प्रत्येक क्षणाची घड्याळावर मोजदाद होते. सर्वोत्कृष्ट आक्रमकाइतकाच मान सर्वोत्कृष्ट संरक्षकाला देण्याची स्पर्धांतील प्रथा तर शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. आमच्याच मराठवाड्यातील धाराशिवच्या सारिका काळे यांना २०२० साली अर्जुन पुरस्कार मिळाला, तो या खेळासाठी. ज्या खेळात टिकून राहणे हे गडी टिपण्याइतकेच गुणाचे मानले जाते त्या खेळासाठी.

मग जी दृष्टी आपल्या मातीतल्या खेळाने आपल्याला दिली, ती हॉकीच्या मैदानावर येताच आपण का मिटून घ्यावी? उमरी, धर्माबाद, भोकर या भागांतल्या शाळांत हाती स्टिक घेणारी मुले आधीच थोडी. त्यांत जो तो सेंटर फॉरवर्ड होऊ पाहतो, आणि ज्याला कोणी काही म्हणत नाही अशा गरीब स्वभावाच्या मुलाला मास्तर बॅकला उभे करतात. हे पोर पुढे आपला खेळ कोणाला, कशाच्या आधारे दाखविणार? गोलांची यादी त्याच्यापाशी नसते. निवड समितीपुढे ठेवण्याजोगा एक कागद त्याच्या हाती असला पाहिजे: किती कॉर्नर अडविले, किती वेळा चेंडू हिसकावून घेतला, कितीदा अखेरचा माणूस म्हणून उभा राहिला.

ही नोंद नांदेडच्या स्पर्धेपासून सुरू व्हावी. रेल्वेचे, लष्कराचे, पोलिसांचे मातबर बचावपटू येथे खेळून जातात. त्यांच्या खेळाची अशी टिपणे तालुक्याच्या शाळांना मिळाली, तर त्याहून उत्तम पाठ्यपुस्तक दुसरे कोणते? खर्च म्हणाल तर एक आखलेली वही, एक पेन्सिल, खेळाची जाण असलेला एखादा विद्यार्थी आणि गोलाच्या मागे एक खुर्ची. माझ्या शेजारची जागा बहुधा रिकामीच असते.