आर्द्रेनंतरचा आमरस

वैशाखात पेट्यांनी आलेल्या हापूसचा रस गोठवून पौषात पानात वाढण्याची प्रथा आपल्या अनेक घरांत रूढ झाली आहे. प्रश्न आहे तो आर्द्रेचा. सूर्य आर्द्रा नक्षत्रात गेला, म्हणजे साधारणतः २२ जून उलटला, की आंबा वर्ज्य, अशी श्वेतांबर परंपरेतील अनेक कुटुंबांची मर्यादा आहे. पावसाळी हवेत फळात जीवोत्पत्ती होते, हे तिचे कारण. ‘रस तर आर्द्रेपूर्वीच काढला होता’ हा युक्तिवाद पेढीच्या चोपडीत चालेल, नियमात चालत नाही. फ्रीजर फळाचे नासणे लांबवतो, त्यागाची मुदत नव्हे. शिवाय थंडीने सूक्ष्म जीवांची वाढ केवळ थांबते. रस वितळला की ती पुन्हा सुरू होते. ज्यांचा नियम आहे त्यांनी गुरुमहाराजांना विचारल्याविना साठवण करू नये, आणि सूनबाईंनी हौसेने साठवला म्हणून सासूबाईंनी मुकाट्याने खाऊही नये.

ज्यांचा असा नियम नाही, त्यांनी पिकलेल्या, न डागाळलेल्या फळांचाच रस घ्यावा. एका जेवणापुरते लहान डबे करावेत. गोठताना रस फुगतो, म्हणून वर बोटभर जागा सोडावी. उणे १८ अंश सेल्सिअस तापमान हवे. बर्फाच्या लहानशा कप्प्याचा भरवसा धरू नये. हवा तेवढाच डबा सकाळी खालच्या कप्प्यात उतरवावा, सूर्यास्तापूर्वी संपवावा. उरलेला पुन्हा गोठवू नये. आणि पाहुण्यांना वाढण्यापूर्वी ‘आपला आर्द्रेचा नियम आहे का?’ एवढे अवश्य विचारावे.