कडा मऊ करा, पण कुठे?

मंडळी, डिजिटल शिल्पाला रंग दिला रे दिला की बरेच जण कडांवर सरसकट ब्लर ब्रश फिरवतात. मला हे अजिबात पटत नाही!

आधी तांत्रिक भाग उरकतो. झेडब्रशच्या पॉलिपेंटमध्ये रंग इमेजमध्ये नाही, तर मॉडेलच्या बिंदूंवर साठवला जातो. बिंदू कमी असले की कड दातेरी दिसणारच. तिथे ब्लर म्हणजे नुसती मलमपट्टी. आधी डिव्हाइड करून बिंदू वाढवा. ब्लेंडरच्या टेक्श्चर पेंटमध्ये रंग इमेजवर बसतो, म्हणून तिथे आधी इमेजचं रिझोल्यूशन बघा, मग ब्रशचा फॉलऑफ.

पण खरा प्रश्न सॉफ्टवेअरचा नाहीच. समजा, तुम्ही आजीचा चेहरा करताय. मेणावर लावलेल्या कुंकवाची कड किंचित विरलेली असते, टिकलीची मात्र कापल्यासारखी. गालाची लाली त्वचेत मिसळते, लुगड्याचा काठ मिसळत नाही. सगळीकडे एकच ब्लर फिरवलात तर आजी जाते आणि प्लॅस्टिकची बाहुली उरते.

तेव्हा कुठली कड मऊ आणि कुठली कडक, हे आधी माणसाकडे नीट बघून ठरवा. स्लायडर नंतर. बघा पटतंय का!