गरवायला शिकताना

आमच्या डेन्व्हरच्या टीममधला एक जण दर सप्टेंबरात आठवडाभर गायब होतो. ना मेल, ना चॅट. हा गडी त्या वेळी कोलोरॅडोच्या डोंगरांत धनुष्यबाण घेऊन एल्कच्या मागे हिंडत असतो. एल्क म्हणजे आपल्या सांबराचा थोराड भाऊबंद. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी खो खो हसलो होतो. (धनुष्यबाण? रामायण चालू आहे का तुमच्याकडे?) मग त्याने सांगितलं की पहिली तीन वर्षं त्याने एकही बाण सोडला नाही. जनावर दिसायचं, पण कधी लांब, कधी मध्ये झुडूप, कधी तोंड याच्याकडेच. जवळ, आडवं उभं आणि बाण फुफ्फुसातच जाईल अशी खात्री, हे तिन्ही जुळलं तरच सोडायचा. लागला तरी लगेच धावत सुटायचं नाही. अर्धा तास गप बसायचं, मग रक्ताच्या खुणा बघत शोधत जायचं. खाण्याजोगं मांस तिथेच टाकून येणं तिकडे गुन्हा आहे.

आपल्याकडे हा विषय १९७२ च्या वन्यजीव कायद्याने जवळजवळ संपवला, आणि ते योग्यच झालं. अलिबागच्या खाली मुरूडजवळचं फणसाड हे एके काळी जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान. १९८६ पासून ते अभयारण्य आहे. तिथल्या सांबराकडे दुर्बिणीतून बघावं, बस्स. पण जेवणासाठी जीव मारायची एक वाट आपल्याला अजून मोकळी आहे आणि तिला आपण शिकार म्हणतच नाही. मासे!

तर मंडळी, मागच्या नोव्हेंबरात मी रेवसला गरवायला जायला लागलो. भाऊच्या धक्क्यावरून लाँच, रेवसच्या धक्क्यावर उतरायचं, समोर कारंजा, मध्ये धरमतरच्या खाडीचं गढूळ पाणी. गळ, दोरी, कोळंबीचं आमिष. आणि अर्थातच इंटरनेटवरून मागवलेला महागडा रॉड, कारण आपण आयटीवाले.

पहिले तीन वीकांत काहीही लागलं नाही. दोन गळ मात्र खडकात अडकून गेले. धक्क्यावर रोज बसणारे एक काका माझी गंमत बघत असायचे. तिसऱ्या वेळी त्यांना राहवलं नाही. "आज तिथ कंची?" मी मोबाईल काढला. ते हसले. तिथीला पाऊणने गुणायचं, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. पाच-दहा मिनिटं, कधी अर्धा तास इकडेतिकडे, पण चालतं. इतकं सुटसुटीत फंक्शन मी दहा वर्षांत लिहिलेलं नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाण्याची ओढ जोरदार, अष्टमीच्या भांगाला मंद. मी मात्र ऑफिसच्या सवयीने शनिवार बघून येत होतो.

चौथ्या वेळी तिथी बघून गेलो आणि जिताडा लागला. छोटाच, जेमतेम दोन वीत. पण जिताडा! रायगडात पाहुण्याचा मान राखायचा तर हाच मासा लागतो. मी त्याला धक्क्यावर टाकला आणि फोटो काढायला लागलो. एक असा, एक तसा, एक सेल्फी. तो तडफडत होता, कल्ले उघडमीट होत होते, आणि मी फ्रेममध्ये कारंजा येतंय का ते बघत होतो. काका उठले, लाकडाचं दांडकं घेतलं, डोक्यावर एकच फटका मारला. मासा शांत झाला. "मरू दे तरी आधी त्याला. मंग काड फोटू."

इतकी लाज मला कोड रिव्ह्यूमध्येही वाटलेली नाही.

घरी येऊन वाचलं. जपानी लोक माशाच्या मेंदूत टोकदार सुई घालून त्याला तत्काळ मारतात आणि रक्त काढून टाकतात. त्याला इकेजिमे म्हणतात. तडफडून मेलेल्या माशापेक्षा असं मांस जास्त वेळ चांगलं राहतं. दुसरी गोष्ट वाचली ती जास्त लागली. जिताडा जन्मतः बहुधा नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर मादी होतो. म्हणजे दोन वितींचा मारला तर तो मादी होण्याआधीच गेला, आणि मोठा धरला तर अंडी घालणारी गेली. आता काय करायचं? मला अजून नीट उत्तर सापडलेलं नाही. सध्यापुरतं, लहान असेल तर पाण्यातच गळ काढून सोडतो, आणि ठेवायचा तो एकच.

हे सांगितलं तर मित्रमंडळी दोन प्रकारची निघाली. एक, "शी! स्वतः मारलास?" म्हणणारे, तेही सुरमईची थाळी समोर ठेवून. ती सुरमई काय हार्ट अटॅकने गेली? दुसरे, पकडून-सोडणारे. कोरड्या हातांनी मासा दोन-दोन मिनिटं हवेत धरून पोझ द्यायची आणि मग मोठ्या मनाने जीवदान. त्यातले किती नंतर मरत असतील याचा हिशोब कोणी ठेवत नाही. मला हे जास्त खटकतं. खायचं नसेल तर त्याच्या तोंडात गळ घालायचाच कशाला?

माझं म्हणणं एवढंच, की मासे खाणाऱ्याने निदान एकदा स्वतः धरावा आणि स्वतःच्या हाताने, एका फटक्यात मारावा. त्यानंतर बाजारात नजर बदलते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी असते तेव्हा "ताजी पापलेटं नाहीत का हो?" अशी कुरकुर तोंडात येत नाही. राज्याने २०२३ मध्ये ५४ जातींच्या माशांना किमान आकार ठरवून दिला, पण तळहाताएवढं पापलेट स्वस्त म्हणून आपणच पिशवीत टाकतो. जाळं टाकणाऱ्याला शिव्या देणं सोपं आहे. गिऱ्हाईक आपण आहोत.

असो. रॉड विकून टाकला. आता हातात साधी दोरी आणि सॅकमध्ये क्रिकेटच्या जुन्या स्टंपचा तुकडा असतो. (लाँचवर एकदा विचारलं कोणीतरी, "मॅच आहे काय?") येत्या शनिवारी नवमी आहे, म्हणजे पावणेसातला भरती. पहिली लाँच काही तेवढ्यात पोचवत नाही, त्यामुळे शुक्रवारी रात्रीच अलिबाग गाठावं लागणार. मॅनेजरला अजून सांगितलेलं नाही.