बख्तराआधी कारखानीस नेमा

किल्ला उभारण्याचे खेळ रचणारी मंडळी आपले नमुने आम्हाला खेळायला देतात. त्यांत एक गोष्ट वारंवार खटकते. तट, बुरूज, माची, पाण्याची टाकी यांवर महिनोन्‌महिने जीव ओतलेला असतो. शिबंदीला चिलखत देण्याची वेळ आली की मात्र एक बटण दाबायचे. खजिन्यातले होन कमी होतात, संरक्षणाचा आकडा वाढतो, काम संपले. गडावरचा माणूस लढाईला सज्ज होतो कसा, हा प्रश्नच खेळातून गळतो.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या भावांचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ २००६ पासून लोकांच्या हाती आहे. त्यात या एका कामाला खेळाचा मोठा भाग दिला आहे. खनिज खणायचे, भट्टीत लोखंड करायचे, त्याला चुनखडी किंवा डोलोमाइट आणि कोक यांची जोड देऊन आधी पिग आयर्न आणि मग पोलाद करायचे. लोहाराने उरस्त्राण घडवले तरी शिपाई तयार नसतोच. पथकाचा गणवेश ठरवावा लागतो, तो रोजच्या कपड्यांवर चढवायचा की कपडे उतरवून, हे सांगावे लागते. मग तो शिपाई स्वतः कोठारापर्यंत चालत जातो आणि एकेक वस्तू अंगावर घालतो. उरस्त्राणाने धड झाकले जाते, पण दंड उघडे राहतात, म्हणून आत कड्यांचे चिलखत हवे. लोखंडी हातमोजा डाव्या हाताचा वेगळा, उजव्याचा वेगळा. या खेळातले शिपाई बुटके; माणसाच्या मापाचे चिलखत त्यांना होत नाही. नवख्याला ओझे जड जाते, सरावलेल्याला कमी. खेळणाऱ्याची चूक होते ती इथेच, आणि ती कळते वेढा पडल्यावर.

रायपुरात राहणाऱ्याला ही साखळी परकी वाटू नये. दल्ली-राजहराचे लोहखनिज आणि नंदिनीची चुनखडी भिलाईच्या पोलाद कारखान्याला जाते. तिथल्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी झाले. खेळ जो माल मागतो, तोच आपल्या शेजारच्या कारखान्यात रोज उतरतो.

पण यावरून आपल्या प्रत्येक मावळ्याला पोलादात मढवायला निघालात, तर तीही चूकच. बहुतेक मावळ्यांच्या अंगावर लोखंड नव्हते. ढाल, तलवार, पागोटे आणि पायांतला वेग हीच त्यांची सामग्री. चिलखत दुर्मीळ होते, आणि म्हणूनच ते कोणाला द्यायचे हा निर्णय खेळण्याजोगा आहे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफझलखानाला भेटायला जाताना शिवाजी महाराजांनी अंगरख्याच्या आत चिलखत आणि डोक्यावरच्या वस्त्राखाली लोखंडी टोप घातला होता. वरून पाहणाऱ्याला दिसला तो भेटीचा पोशाख. कशावर काय घातले याचा हिशेब ठेवणारी रचना नसेल, तर हा प्रसंग तुमच्या खेळात घडूच शकणार नाही.

दुसरे म्हणजे मालकी. बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि हत्यारे घेऊन येई. हा फरक खेळात आणला की अर्थकारण आपोआप बदलते. बारगिराचे सामान कोठारात परत येते. शिलेदार रुसून गेला, तर त्याचे सामानही त्याच्याबरोबर जाते. गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनिसांबरोबर सामानसुमान सांभाळणारा कारखानीस असे. आम्ही पाहिलेल्या एकाही नमुन्यात तो नाही. आमच्या मते ही उणीव बुरुजाचा दगड चुकीच्या रंगाचा असण्यापेक्षा कितीतरी मोठी आहे.

तेव्हा विनंती एवढीच. पुढचा नमुना पाठवाल तेव्हा बख्तराचे चित्र नंतर काढा. आधी कारखानीस नेमा, त्याच्या हाती कोठाराची वही द्या, आणि त्या वहीत शिबंदीला पुरणार नाहीत इतकीच चिलखते लिहा.